एवढ्याशा देशाचे पोलीस आणि आपलं सोलापूर



पाचवी-सहावीच्या वर्गात जगाचा नकाशा लावला की मुलं आधी सगळ्यात मोठा देश शोधतात आणि लगेच सगळ्यात छोटा. व्हॅटिकन, मोनॅको, नाऊरू, तुवालू अशी नावं फळ्यावर आली की प्रश्न सुरू होतात. एवढ्याशा देशात शाळा असते का? रेल्वे असते का? आणि एक प्रश्न हमखास येतो : "तिथं पोलीस असतात का? किती असतात?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. यावर एक चांगला पाठ उभा राहतो. भूगोल, गणित, नागरिकशास्त्र आणि आपल्या सोलापूरचा इतिहास, असे चार विषय त्यात एकत्र येतात. आणि पाठाच्या शेवटी आपण मोठ्यांनीही स्वतःला एक प्रश्न विचारायचा आहे. घरात मूल जेवत नाही, झोपत नाही, हट्ट करतं, तेव्हा आपण सहज म्हणतो, "थांब, पोलिसाला बोलावते, घेऊन जाईल तुला." या एका वाक्यातून आपण मुलाला काय शिकवतो? ते वाक्य मनात ठेवूनच पुढचं वाचा.

१. छोटा म्हणजे किती छोटा?

नुसते चौरस किलोमीटरचे आकडे सांगितले तर मुलांना काही कळत नाही. आपल्याकडचं माप लावून सांगा.

व्हॅटिकन सिटी हा जगातला सगळ्यात छोटा देश. क्षेत्रफळ सुमारे ४४ हेक्टर, म्हणजे साधारण १०९ एकर. खेड्यातल्या मुलांना एकर लगेच समजतो. आपल्या गावातली आठ-दहा मोठी शेतं एकत्र केली की झाला देश! कायमची लोकवस्ती हजाराच्याही आत.

नाऊरू हा प्रशांत महासागरातला बेटाचा देश. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर, लोकसंख्या साधारण १२ हजार. संपूर्ण देशाला वळसा घालणारा रस्ता सुमारे १९ किलोमीटरचा. सोलापूरहून अक्कलकोटला जाताना निम्मी वाट होते न होते तोवर नाऊरूची पूर्ण प्रदक्षिणा झालेली असते.

लिक्टेनस्टाइन हा स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या मधला देश. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर. आपल्या सोलापूर महानगरपालिकेची हद्द १७८ चौरस किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे हा अख्खा देश आपल्या महापालिकेच्या हद्दीत मावेल आणि थोडी जागा उरेल. लोकसंख्या साधारण ४० हजार. २०११ च्या जनगणनेत अक्कलकोट शहराचीही साधारण तेवढीच होती.

इथं मुलांना थांबवून विचारा : "अक्कलकोट शहर हाच एक देश असता, तर तिथं पोलीस किती लागले असते?" उत्तरं ऐका. कुणी दहा म्हणेल, कुणी हजार. चूक-बरोबर लगेच सांगू नका.

२. सैन्य नाही, फक्त पोलीस

आता मुलांना सगळ्यात नवल वाटणारी गोष्ट सांगा. जगात असे काही देश आहेत ज्यांच्याकडे सैन्यच नाही. लिक्टेनस्टाइनने १८६८ साली आपलं छोटंसं सैन्य बरखास्त केलं, ते परत उभं केलं नाही. नाऊरू आणि तुवालूलाही सैन्य नाही. गणवेशातली जी काही माणसं आहेत ती पोलिसांची. तुवालूच्या पोलिसांकडे समुद्रावर गस्त घालायला एक बोट आहे, तीसुद्धा ऑस्ट्रेलियाने दिलेली.

सैन्य आणि पोलीस यांतला फरक मुलांच्या डोक्यात बऱ्याचदा स्पष्ट नसतो. दोघांचा गणवेश, दोघांकडे बंदूक, मग फरक काय? सोपं करून सांगायचं तर सैन्य बाहेरच्या शत्रूसाठी असतं. पोलीस आपल्याच माणसांमध्ये, आपल्याच माणसांसाठी काम करतात. पोलिसासमोर जो उभा असतो तो शत्रू नसतो. तो नागरिक असतो, अगदी त्याने गुन्हा केला असला तरी. हे वाक्य वहीत लिहून घ्या. पुढे सोलापूरच्या इतिहासात शिरताना ते लागणार आहे.

व्हॅटिकनबद्दल मुलांचा एक गोंधळ होतो. रंगीबेरंगी पट्ट्यांचा पोशाख घातलेले, हातात भाला घेतलेले रक्षक त्यांनी फोटोत पाहिलेले असतात. ते स्विस गार्ड, १५०६ पासूनचं पोपचं संरक्षक दल. त्यात फक्त स्विस नागरिकच घेतले जातात. व्हॅटिकनचे पोलीस वेगळे, त्यांना जेंडार्मरी म्हणतात. ते साधारण १३० जण आहेत. रहदारी, तपास, सुरक्षा ही रोजची कामं त्यांची.

३. गणिताचा तास

आता फळ्यावर दोन देश शेजारी शेजारी मांडा.

मोनॅको : लोकसंख्या साधारण ३८ हजार, पोलीस पाचशेच्या आसपास.
लिक्टेनस्टाइन : लोकसंख्या साधारण ४० हजार, पोलीस शंभराच्या आसपास.

भागाकार करायला सांगा. मोनॅकोत साधारण ७६ माणसांमागे एक पोलीस, तर लिक्टेनस्टाइनमध्ये साधारण ४०० माणसांमागे एक. लोकसंख्या जवळपास सारखीच, मग पोलिसांत पाचपट फरक का?

मुलांना विचार करू द्या. मोनॅको दोन चौरस किलोमीटरचं, श्रीमंतांचं आणि पर्यटकांचं ठिकाण. तिथं रोज बाहेरून माणसं येतात, मोटारींच्या शर्यती होतात, जुगारगृहं आहेत. लिक्टेनस्टाइन हा डोंगरातला शांत देश. म्हणजे पोलीस किती लागतात हे फक्त लोकसंख्येवर ठरत नाही. तिथं येतं-जातं कोण आणि सांभाळायचं काय, यावरही ठरतं.

हे आपल्या मुलांना परक्या उदाहरणाशिवायही कळेल. पंढरपूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत एक लाखाच्या आत होती. पण आषाढीला तिथं लाखो वारकरी येतात. तेव्हा पंढरपूरचे रोजचे पोलीस पुरतील का? नाहीत. इतर जिल्ह्यांतून बंदोबस्त मागवावा लागतो. व्हॅटिकनचंही असंच आहे. सेंट पीटर चौकात गर्दी असते तेव्हा तिथली व्यवस्था इटलीच्या पोलिसांच्या मदतीने पाहिली जाते. छोट्या घरात लग्न निघालं की शेजारणीची भांडी आणावी लागतात, तसंच हे.

आणखी एक गंमत मोठ्या वर्गांसाठी. व्हॅटिकनमध्ये दर माणशी गुन्हे जगात सगळ्यात जास्त, असं कुठेतरी वाचायला मिळतं. ऐकून वाटतं, बापरे! पण गणित बघा. खिसे कापले जातात ते बाहेरून आलेल्या लाखो पर्यटकांचे, आणि भागाकार केला जातो हजाराहून कमी रहिवाशांनी. सरासरी काढताना कशाला कशाने भागलं हे विचारायला मुलांनी शिकलं पाहिजे. गड्ड्याच्या जत्रेत झालेल्या सगळ्या पाकीटमाऱ्या फक्त मंदिराशेजारच्या एका गल्लीच्या नावावर टाकल्या, तर ती गल्ली चोरांचीच वाटेल की नाही?

४. सगळे सगळ्यांना ओळखतात

छोट्या देशात पोलिसांची खरी ताकद ओळखीत असते. बारा हजारांच्या देशात पोलीस शिपाई ज्याला रस्त्यात थांबवतो, तो त्याच्या वर्गमित्राचा भाऊ असू शकतो. कुणाच्या घरी भांडण आहे, कोण दारू पिऊन गाडी चालवतो, कुणाचं मूल शाळेत जात नाही, हे कळायला कॅमेरा लागत नाही.

आइसलँड क्षेत्रफळाने छोटा नाही, पण माणसं थोडी. पावणेचार-चार लाख, म्हणजे आपल्या सोलापूर शहराच्या निम्म्याहूनही कमी. तिथले नेहमीचे पोलीस गस्तीवर कमरेला बंदूक लावून फिरत नाहीत. त्या देशात पोलिसांच्या गोळीने माणूस मरण्याची पहिली घटना घडली ती डिसेंबर २०१३ मध्ये. त्यानंतर पोलिसांनी त्या माणसाच्या कुटुंबाबद्दल जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली. एक माणूस गेला आणि सगळा देश हळहळला. मुलांशी यावर बोलताना घाई करू नका. "तो गुन्हेगार होता, मग दिलगिरी कशाला?" असं कुणीतरी विचारेलच. मघाशी वहीत लिहिलेलं वाक्य तेव्हा परत वाचायला सांगा.

पण ओळखीचा तोटाही आहे, तोही सांगायला हवा. पोलीस आपल्याच नात्यातला असेल तर कारवाई होईल का? तक्रार करणाऱ्याला न्याय मिळेल का? म्हणून छोटे देश काही गोष्टी मुद्दाम बाहेर सोपवतात. लिक्टेनस्टाइनमधल्या मोठ्या मुदतीच्या कैद्यांना शिक्षा भोगायला ऑस्ट्रियात पाठवतात. नाऊरूच्या पोलीस दलाचं प्रमुखपद काही काळ ऑस्ट्रेलियातून आलेल्या अधिकाऱ्यांकडे होतं. जवळीक आणि निःपक्षपातीपणा या दोन्ही गोष्टी लागतात आणि दोन्ही एकाच वेळी सांभाळणं अवघड असतं.

५. आपल्याकडचे छोटे 'देश'

हे सगळं समुद्रापलीकडचं झालं. आता घरी येऊ.

आपल्या जिल्ह्यातलं अक्कलकोट हे स्वातंत्र्यापूर्वी संस्थान होतं. भोसले घराण्याचं राज्य. क्षेत्रफळ सुमारे १२९० चौरस किलोमीटर, म्हणजे लिक्टेनस्टाइनच्या आठपट! आज जगाच्या नकाशावर स्वतंत्र देश म्हणून दिसणाऱ्या कितीतरी ठिकाणांपेक्षा मोठं. वर ब्रिटिशांची सत्ता होती, त्यामुळे ते स्वतंत्र राष्ट्र नव्हतं. तरी राजा वेगळा, कारभार वेगळा. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झालं. अक्कलकोटच्या मुलांना हे सांगितलं की ती खुर्चीत जरा ताठ होऊन बसतात.

त्याहूनही छोटा 'देश' म्हणजे आपलं गाव. आणि त्या देशाचा पोलीस कोण? पोलीस पाटील. शहरातल्या कित्येक मुलांना हे पद माहीतच नसतं. पूर्वी पाटीलकी वंशपरंपरेने चाले. ती बंद झाली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने आजचं पोलीस पाटलाचं पद आलं. तो त्याच गावचा रहिवासी असावा लागतो. गावात गुन्हा घडला, संशयास्पद मृत्यू झाला, तणाव वाढतोय असं दिसलं, तर पोलीस ठाण्याला आणि तालुक्याला कळवणं हे त्याचं काम. त्याच्या अंगावर शिपायासारखा गणवेश नसतो. त्याची सगळी मदार गावाने त्याचं ऐकण्यावर असते. आता कित्येक गावांत महिला पोलीस पाटीलही आहेत.

गृहपाठ द्या : आपल्या किंवा मामाच्या गावच्या पोलीस पाटलांना भेटून तीन प्रश्न विचारून या. गावात शेवटचं भांडण कशावरून झालं होतं? ते कसं मिटलं? नातेवाइकाविरुद्ध माहिती द्यायची वेळ आली तर काय करता? तिसरा प्रश्न मुलांनी नीट, आदराने विचारावा. तेच छोट्या देशांचंही सगळ्यात मोठं कोडं आहे.

६. ज्या दिवसांत सोलापुरात पोलीस नव्हते

आता पाठाचा गाभा. पोलीस आणि लोक यांच्यातला विश्वासच तुटला तर काय होतं? हे शिकायला सोलापूरकरांना दुसरीकडे जायची गरज नाही.

साल १९३०. मिठाचा सत्याग्रह चालू होता. सोलापूर गिरण्यांचं गाव. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि शहरात हरताळ पडला, गिरणी कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडं तोडण्याचा कार्यक्रम झाला. पोलिसांनी काही जणांना पकडलं, त्यांना सोडा म्हणून जमाव जमला. कलेक्टर होते नाईट नावाचे इंग्रज अधिकारी. गोळीबार झाला. शंकर शिवदारे नावाचा तरुण जागीच ठार झाला.

त्यानंतर जमाव भडकला. पोलीस चौकी जाळली गेली, न्यायालयाची इमारत पेटवली गेली, आणि पोलीस शिपाई मारले गेले. पोलिसांनी पुन्हा गोळ्या झाडल्या. पुढचे काही दिवस, म्हणजे साधारण ९ ते ११ मे, शहरात सरकारी पोलीस दिसेनासे झाले. या काळात काँग्रेसचे स्वयंसेवक पुढे आले. चौकाचौकात उभं राहून रहदारी सांभाळणं, शहरात शांतता राखणं ही कामं त्यांनी केली. सोलापुरात आजही लोक म्हणतात, 'देश १९४७ ला स्वतंत्र झाला, सोलापूर १९३० लाच झालं होतं.'

विचार करा, एवढं मोठं शहर काही दिवसांपुरतं जणू एक छोटासा देश झालं होतं. सैन्य नाही, गणवेशातला पोलीस नाही. रस्त्यावर उभा असलेला स्वयंसेवक हात दाखवतो आणि टांगेवाला थांबतो. त्या स्वयंसेवकाकडे ना दंडुका, ना पावतीपुस्तक. मग टांगेवाला का थांबला? हा प्रश्न फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. उत्तर मुलांनाच शोधू द्या. "कारण तो ओळखीचा होता." "कारण तो आपल्यासाठी उभा होता." अशी उत्तरं आली की समजा, पाठ पोहोचला.

१२ मेच्या रात्री सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि लष्कराने शहर ताब्यात घेतलं. ही लष्करी राजवट जूनअखेरपर्यंत चालली. राष्ट्रध्वज घेऊन फिरणं हाही गुन्हा ठरला. गांधी टोपी दिसली की ती काढायला लावत. 'कर्मयोगी' पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांना तुरुंगात टाकलं. शहर पुन्हा 'शांत' झालं. ही शांतता आणि आधीच्या तीन दिवसांची शांतता, यांत फरक काय हे मुलांना विचारा. सैन्य आणि पोलीस यांतला फरक आपण वर लिहिला होता. आपल्याच माणसांसमोर लष्कर उभं करावं लागलं, याचा अर्थ राज्यकर्त्यांनी त्यांना नागरिक मानणंच सोडलं होतं.

पुढे पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात चौघांना फाशीची शिक्षा झाली. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. धनशेट्टी तर त्या दिवशी जमावाला शांत करायचा प्रयत्न करत होते, असं सोलापूरच्या जुन्या पिढ्या सांगत आल्या आहेत. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. चार पुतळ्यांपाशी उभं राहून मुलांना ही चार नावं पूर्ण म्हणता आली पाहिजेत. नुसतं 'चार हुतात्मा चौक' म्हणणं पुरेसं नाही.

७. शिकवताना एक काळजी घ्या

हा इतिहास सांगताना एक गोष्ट टाळायचा मोह होतो. त्या दिवशी पोलीस शिपाईही मारले गेले, हे आपण गाळतो. गाळू नका. ते शिपाई इंग्रज सरकारची नोकरी करत होते, पण कुणाच्या तरी घरातले होते. घरी कुणीतरी त्यांची वाट पाहत असेल. हुतात्म्यांबद्दलचा आदर यामुळे कमी होत नाही. उलट मुलांना कळतं की अन्यायी हुकूम देणारा वर बसलेला असतो आणि त्याची किंमत रस्त्यावरची माणसं मोजतात, दोन्ही बाजूंची.

आपल्या वर्गात पोलिसांची मुलं असतात. सोरेगावच्या राज्य राखीव पोलीस दलातल्या जवानांची असतील, शहर किंवा ग्रामीण पोलिसांची असतील. 'पोलिसांनी गोळ्या घातल्या' हे वाक्य ऐकताना त्या मुलाचा चेहरा बघा. त्याला सांगा, तेव्हाचे पोलीस परक्या राज्याचे हुकूम पाळत होते, आजचे पोलीस संविधान पाळायला बांधलेले आहेत. तेव्हा पोलिसांना प्रश्न विचारता येत नव्हता, आज येतो. आणि तो विचारायला आपण शिकवायचं असतं.

इथेच एक माहितीचा मुद्दाही येतो. मुलं विचारतात, "भारताचे राष्ट्रीय पोलीस कोणते?" छोट्या देशाला एकच पोलीस दल पुरतं. आपल्या संविधानात मात्र पोलीस हा विषय राज्यसूचीत आहे. म्हणून महाराष्ट्र पोलीस वेगळे, कर्नाटक पोलीस वेगळे. अक्कलकोटच्या पुढे सीमा ओलांडली की गणवेशावरचं चिन्ह बदलतं. केंद्राची सीआरपीएफसारखी दलं मदतीला येतात, पण गावातलं रोजचं पोलिसी काम राज्याचंच. महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीदवाक्य आहे 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. सज्जनांचं रक्षण आणि दुर्जनांवर नियंत्रण. वर्गात त्याचा क्रमही लक्षात आणून द्या. रक्षण आधी आलंय.

८. आता आपलं ते वाक्य

पालकहो, आता सुरुवातीच्या वाक्याकडे या. "पोलीस येईल, घेऊन जाईल."

कल्पना करा. गड्ड्याच्या जत्रेत गर्दीत तुमच्या पाच वर्षांच्या लेकीचा हात सुटला. आजूबाजूला शेकडो अनोळखी माणसं. त्यातला एकच माणूस असा आहे की ज्याच्याकडे तिनं धावत जावं, कारण तिला घरी पोहोचवणं हे त्याचं कामच आहे. त्याच्या अंगावर खाकी आहे. पण गेली तीन वर्षं रोज रात्री जेवताना तुम्ही तिला सांगितलंय की खाकीवाला मुलांना पळवून नेतो. ती कुणाकडे धावेल? बहुतेक ती त्याला बघून गर्दीत आणखी आत पळेल.

दुसरं, याहूनही गंभीर. एखाद्या मुलाला कुणी त्रास देतंय, नको तिथं हात लावतंय. त्याला कुणाला तरी सांगायचंय. पोलीस म्हणजे शिक्षा असं मनात बसलं असेल, तर मूल समजतं की सांगितलं तर मलाच पकडतील. ते गप्प बसतं. त्या गप्प बसण्याची किंमत फार मोठी असते.

कायदा मुलांच्या बाजूने आहे, हे पालकांनाही ठाऊक असायला हवं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असायला हवा. मुलांशी बोलताना पोलिसांनी शक्यतो साध्या कपड्यांत असावं, मुलांना बेड्या घालू नयेत, असे नियम आहेत. संकटात ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे दोन क्रमांक पहिलीपासून पाठ झाले पाहिजेत, पाढ्यांसारखे.

आणि हो, याचा अर्थ मुलांना 'पोलीस कधी चुकत नाहीत' असं शिकवायचं नाही. कुणी चुकलं तर वरिष्ठांकडे तक्रार करता येते, न्यायालयात जाता येतं, हेही त्याच पाठात सांगायचं. भीतीही नको आणि आंधळी भक्तीही नको. ओळख हवी.

९. वर्गात काय करता येईल

योगायोग असा की आपल्याकडे दोन तारखा अगदी जवळ आहेत. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. त्या आठवड्यात पोलीस ठाणी शाळांसाठी खुली असतात. आणि १२ जानेवारी हा आपल्या चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन. दहा दिवसांत दोन्ही. दोन्ही दिवस मिळून हा पाठ पूर्ण होतो.

पहिला उपक्रम : २ जानेवारीच्या आठवड्यात जवळच्या पोलीस ठाण्याला भेट. मुलांनी आधी वर्गात प्रश्न तयार करायचे. बंदूक दाखवा एवढाच हट्ट नको. "हरवलेलं मूल सापडलं तर तुम्ही सगळ्यात आधी काय करता?" हा प्रश्न प्रत्येक वर्गाने विचारावा. बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत तेही विचारावं आणि त्यांना नमस्कार करून यावं.

दुसरा उपक्रम : 'आमचा छोटा देश'. वर्गाला चाळीस जणांचा देश करा. आठवडाभर रोज दोन मुलं पोलीस. दंडुका नाही, शिट्टी नाही, शिक्षा करायचा अधिकार नाही. फक्त रांग सांभाळायची, भांडण मिटवायचं, कुणी रडत असेल तर बाईंना किंवा सरांना सांगायचं. शुक्रवारी चर्चा : कुणाचं ऐकलं गेलं आणि का? मित्राला सूट दिली का? बहुतेक वर्गांत हेच दिसतं की ओरडणाऱ्यापेक्षा समजावणाऱ्याचं ऐकलं जातं. आणि मित्राला सूट दिल्याची तक्रारही येतेच!

तिसरा उपक्रम : १२ जानेवारीला चार पुतळ्यांना भेट, किंवा शाळेतच परिपाठात चौघांची माहिती. चार गटांनी चार नावं घ्यायची. पाचवा गट शंकर शिवदारेंचा. आपल्या वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी मुलं आहेत. प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेत एक वाक्य बोलावं.

चौथा उपक्रम पालकांसाठी, आणि सगळ्यात अवघड. एक महिना घरात पोलिसाच्या नावाने भीती घालायची नाही. आजी-आजोबांनाही सांगायचं. मूल जेवलं नाही तर नाही जेवलं, एका रात्रीने काही बिघडत नाही. त्याऐवजी रस्त्यात पोलीसकाका किंवा पोलीसताई दिसल्या की मुलाला थांबवून म्हणायचं, "हरवलास तर यांच्याकडे जायचं."

नाऊरूसारख्या देशात मुलाला हे सांगावंही लागत नसेल, पोलीस त्याच्या शेजारीच राहत असेल. आपली शहरं मोठी झाली, ओळखी कमी झाल्या. म्हणून आपल्याला ती ओळख ठरवून करून द्यावी लागते. चौकात हात दाखवणाऱ्या माणसाकडे बघून आपलं मूल भीतीने थांबलं की विश्वासाने, हे पुष्कळदा आपण त्याला घरात काय सांगितलं यावर ठरतं.

या जानेवारीत हा पाठ घेऊन बघा. मुलांनी पोलीस पाटलांना आणि पोलीस ठाण्यात काय काय विचारलं, ते वर्गाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला वाचायला द्या.